मधुमेहाची औषधे : निवड आणि खर्च

मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा विकार असल्याने त्यावरील औषधांचा खर्च ही घरखर्चातील कायमची बाब होऊन बसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. चार प्रौढांमागे एकास हा विकार असेल, तर औषधांच्या किमतीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा ठरतो.

प्रौढ वयात सामान्यतः आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात प्रारंभी बहुधा मेटफॉर्मिन हे औषध देण्यात येते. १९५७ साली फ्रान्समध्ये त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रथम मांडण्यात आला. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन सोडावयास लावतात. त्या स्वस्त व गुणकारी आहेत. मात्र गोळी घेऊन जेवण चुकविल्यास साखर एकाएकी उतरून घाम, कंप व घेरी येण्याचा संभव असतो.

गेल्या वीस वर्षांत ग्लिप्टिन व ग्लिफ्लोझिन या दोन नव्या गटांची औषधे प्रचारात आली. ग्लिप्टिन गटात केवळ त्या औषधामुळे साखर फार उतरण्याचा धोका कमी असतो. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यांचा विशेष लाभ होतो. प्रारंभी पेटंटमुळे ही औषधे महाग होती. पेटंटची मुदत संपताच इतर कंपन्यांनाही ती तयार करता आली. २०१९ च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिन, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन व २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिन स्वस्त झाले. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची पाळी आली. सुमारे ६० रुपयांना मिळणारी गोळी काही कंपन्यांनी १० रुपयांहून कमी दरात उपलब्ध केली. रोज एक गोळी घेणाऱ्याचा महिन्याचा खर्च १,८०० रुपयांवरून ३०० रुपयांच्या आत आला. पूर्वी केवळ खर्चामुळे टाळली जाणारी औषधे त्यामुळे आता अधिक रुग्णांना लिहून देणे शक्य झाले आहे.

तथापि नवे ते सर्वांना आवश्यक, किंवा स्वस्त ते हलके, असा समज करून घेणे योग्य नव्हे. ज्याची साखर मेटफॉर्मिनने आटोक्यात आहे व ज्यास हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नाही, त्यास महाग गोळीची गरज असतेच असे नाही. औषधाची निवड वय, वजन, मूत्रपिंडाची स्थिती व ऐपत पाहून डॉक्टरांनी करावयाची असते. शेजाऱ्याची गोळी आपणास लागू पडेल असे मानणे धोक्याचे आहे.

खर्च झेपत नसल्यास रुग्णाने ती गोष्ट डॉक्टरांना संकोच न करता सांगावी व औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. एकाच मूळ औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत अशी औषधे पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही चौकशी करावी. पैसे वाचविण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेणे किंवा ती परस्पर बंद करणे मात्र सर्वथा टाळावे. वाढलेली साखर बराच काळ काही त्रास जाणवू देत नाही. परंतु त्या अवधीत डोळे, पाय व मूत्रपिंडे यांची हानी होत राहते, आणि तिच्या उपचाराचा खर्च गोळ्यांच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.