दुप्पट केव्हा होते?

६ टक्के आणि ३ टक्के यांत मोठा व्याजदर कोणता? सहा म्हणण्याची घाई करू नका!

चक्रवाढ व्याजाने रक्कम किती काळात दुप्पट होते, हे काढण्याची युक्ती सोपी आहे. ७२ ला व्याजदराने भागा. दरसाल ६ टक्क्यांनी ठेवलेले १,००० रुपये सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात. दरमहा ३ टक्क्यांनी घेतलेले कर्ज मात्र, काहीच न फेडल्यास, २४ महिन्यांतच दुप्पट! किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो ना? तोच नियम, दिशा उलट.

मग १२ वर्षांत हे कर्ज सहा वेळा दुप्पट होईल, म्हणजे ६४,००० रुपये. आता इंटरनेटवरील एखाद्या व्याजगणकात हेच आकडे भरा. उत्तर येईल सुमारे ७०,५६०! आपल्या युक्तीतली बारीकशी चूकसुद्धा चक्रवाढीनेच वाढली, बरे का!

रिझर्व्ह बँकेने आपल्या संकेतस्थळावर बचतीची ओळख करून देणारी राजू नावाच्या मुलाची चित्रकथा दिली आहे. तीही अवश्य वाचा. आणि मोबाईलवर कोणी ‘फक्त ३ टक्क्यांनी’ कर्ज देऊ लागला, तर आधी विचारा: महिन्याला, की वर्षाला?