जुन्या फियाटचे गिअर आणि दातांचा हिशेब

जळगाव-धुळ्याकडील व्यापारी कुटुंबांच्या वाड्यांत आणि वखारींत आजही एखादी जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी कापडाखाली झाकलेली आढळते. कधीकाळी ती पेढीची शान होती आणि लग्नकार्यात वरातीपुढे चालत असे. अशा गाड्या भंगारात जातात, त्याचे कारण दर वेळी गंजलेला पत्रा हेच असते असे नाही. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलचा एखादा भाग निकामी होतो, नेमका कोणता भाग आणावा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अखेर गाडी किलोच्या भावाने जाते.

या गाडीशी आपल्या समाजाचे जुने नाते आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील. त्यांनी 1944 मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य करून तेथे ‘1100’ मालिकेतील गाड्या तयार होऊ लागल्या. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली, पुढे तीच गाडी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी, चार गिअर आणि मागील चाकांना गती ही तिची ठळक लक्षणे होत.

पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीत होती तोवर सुट्या भागांची चणचण नव्हती. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून निवृत्त झाली. आता बहुधा जुना काढलेला मालच हाती येतो. त्यातच दीर्घ आयुष्यात एका गाडीचे भाग दुसरीला बसवले गेलेले असतात. त्यामुळे ‘अमुक सालच्या पद्मिनीचा गिअर द्या’ एवढे सांगून भागत नाही. भाग नावावरून घेऊ नये, मोजून घ्यावा.

प्रथम दोष कोठे आहे ते ठरवावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर संशय त्या गिअरच्या जोडीवर घ्यावा. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज येतो, पण चौथ्यात बराच कमी होतो, असे असल्यास काउंटर शाफ्ट किंवा त्याचे बेअरिंग तपासावे. चौथ्या गिअरमध्ये गती त्या शाफ्टवाटे न जाता थेट पुढे जाते. सर्व गिअरमध्ये सारखाच घरघराट असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता तो बदलत असेल, तर डिफरन्शिअलकडे वळावे.

डिफरन्शिअलची ओळख क्राउन व्हील व पिनियन यांच्या दातांवरून पटते. समजा, क्राउनला 43 आणि पिनियनला 10 दात आहेत. 43 भागिले 10, म्हणजे प्रमाण 4.3. त्याच क्राउनसोबत 9 दातांचा पिनियन असेल तर प्रमाण 4.78 होते. फरक एका दाताचा, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे 11 टक्के अधिक फिरते. स्पीडोमीटरला गती गिअरबॉक्सकडून मिळते, म्हणून मीटरवर 60 दिसत असताना गाडी प्रत्यक्षात 54 च्या वेगाने जात असते.

हौसिंग न उघडताही हे प्रमाण काढता येते. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवून बाकीच्या चाकांना पक्की अडणी लावावी. मागचे एकच चाक उचलून गाडी स्टँडवर घ्यावी आणि ते चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच प्रमाण. साधारण 4.3 फेरे झाले की हिशेब जुळला.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एक दुकानातून व दुसरा भंगारातून आणला, तर दातांची संख्या जुळूनही आवाज जात नाही आणि दोन्ही लवकर झिजतात. जोडी मोडू नये.

गिअरबॉक्सच्या भागांत दातांची संख्या, बाहेरचा व्यास, जाडी, दातांचा कल डावा की उजवा आणि आतील खाचांची संख्या एवढ्या गोष्टी टिपाव्यात. हौसिंगवरील ओतीव क्रमांक हा साच्याचा असू शकतो. त्यावरून आतील गिअर कोणते, हे ठरत नाही.

बेअरिंगचे काम तुलनेने सोपे, कारण त्यांचे अनेक आकार जगभर प्रमाणित आहेत. 6205 आणि 6305 या दोन्हींचे भोक 25 मिलिमीटरचे, पण बाहेरचा व्यास अनुक्रमे 52 व 62 मिलिमीटर. कडेवरचा क्रमांक वाचता आला, तर ‘फियाटचे बेअरिंग’ शोधत मुंबई गाठावी लागत नाही. पुष्कळदा गावातील बेअरिंगच्या दुकानातच काम होते. ऑइल सीलवरही आतील व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी हे तीन आकडे बहुधा छापलेले असतात.

तेलाचा विचारही तितकाच महत्त्वाचा. हायपॉइड डिफरन्शिअलसाठीचे जीएल-5 तेल सरसकट जुन्या गिअरबॉक्समध्ये घालू नये. त्यातील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना बाधक ठरू शकतात. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला दर्जाच वापरावा.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न घरातील तरुण विचारतील. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिचा रोजचा वापर करता येत नाही, पण प्रदर्शन वा रॅलीसाठी ती रस्त्यावर आणता येते. आरंभीच्या पद्मिनींची पन्नाशी आता उलटली आहे. गाडीचे मूळपण जितके टिकेल, तितके तिचे मोल राहील.

म्हणून अशी गाडी घरात असेल, तर तिच्या नावाने एक वही घालावी. दातांची संख्या, बेअरिंग व सीलचे क्रमांक, तेलाचा दर्जा आणि बदललेल्या भागांच्या तारखा तीत उतरवाव्यात. काढलेला भागही लगेच फेकू नये. नवा भाग ताडून पाहण्यास त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही. गाडी ओळखणारे जुने कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांचे हात चालते आहेत तोवरच ही वही लिहून घेणे शहाणपणाचे.