धावतो तो हीरो, मग अडवतो तो कोण?

अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक म्हणजे टीमचा पोस्टर बॉय. बॉल काखेत घट्ट धरायचा, अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना गुंगारा द्यायचा आणि सुसाट सुटायचं! फँटसी लीगचे पॉइंट्स त्याच्या यार्डांवर, हायलाइट्स त्याच्या पळण्यावर. पण बॉल त्याच्याकडे नसतो तेव्हा हा काय करतो? हा प्रश्न टाकला की निम्मे फॅन्स गप्प बसतात आणि उरलेले भांडायला लागतात. मी भांडणाऱ्यांपैकी!

आधी फंडा क्लिअर करू

दहा यार्ड पुढे सरकायला टीमला चार संधी मिळतात. त्यांना म्हणतात डाउन. तिसरा डाउन आला आणि बरंच अंतर बाकी असलं की क्वार्टरबॅक बॉल फेकणार, हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही कळतं. फेकायला त्याच्या हातात जेमतेम अडीच-तीन सेकंद. त्याच्या पुढ्यात पाच लाइनमनची भिंत असते आणि समोरून साधारण चार जण चाल करून येतात. पाचाला चार, हिशेब जमला.

ब्लिट्झ म्हणजे हाच हिशेब बिघडवणं. एरवी मागे थांबणारा लाइनबॅकर किंवा त्याच्याही मागचा एखादा गडी अचानक क्वार्टरबॅकवर धाव घेतो. समोरून सहा आले की भिंतीला एक माणूस कमी पडतो. आता मधे कोण पडणार? अर्थातच क्वार्टरबॅकशेजारी उभा असलेला आपला पोस्टर बॉय.

आणि हे काम नुसत्या ताकदीचं नाही, बॉस! कुठला लाइनमन कुणाला घेणार हे त्याला पाठ असावं लागतं. मग मोकळा कोण सुटणार, ते ओळखायचं. नजर आतून बाहेर फिरवायची, कारण मधून येणाऱ्याचा रस्ता सगळ्यात छोटा. कडेने येणाऱ्याला निदान वळसा तरी पडतो. त्यातून समोरचे महाबिलंदर! एक जण येतोय असं दाखवून मागे सरकतो आणि भलताच कुणीतरी दुसऱ्या बाजूने घुसतो. ओळखलं की जागेवर थांबायचं नाही, दोन पावलं पुढे जाऊन भिडायचं. थांबलात तर वीस-पंचवीस किलोंनी जड गडी धावत येऊन तुम्हाला तुमच्याच क्वार्टरबॅकच्या मांडीवर बसवतो. कंबर खाली, हात त्याच्या छातीवर. सगळं दीड-दोन सेकंदांत!

एक ब्लॉक हुकला आणि...

५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. सुपर बोल. (आपल्याकडे सोमवारची पहाट, म्हणजे ऑफिसचं टेन्शन वेगळंच.) अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-३ असे पुढे होते. चौथ्या क्वार्टरमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २८-१२ पर्यंत मजल मारली, तरी साडेआठच मिनिटं उरली होती. अटलांटाचा तिसरा डाउन, हवा फक्त एक यार्ड. आधीच्याच खेळीत रनिंग बॅक टेव्हिन कोलमन जखमी होऊन बाहेर गेलेला, म्हणून मैदानात डिवॉन्टा फ्रीमन.

अटलांटाने पास खेळायचं ठरवलं. लाइनबॅकर डॉन्टा हायटॉवर कडेने घुसला. फ्रीमन ५ फूट ८ इंच आणि साधारण ९३ किलो, हायटॉवर ६ फूट ३ इंच आणि ११८ च्या आसपास. पण इथे वजनापर्यंत गोष्ट गेलीच नाही, कारण टक्करच झाली नाही! हायटॉवर मोकळा सुटला, त्याने मॅट रायनला गाठलं, बॉल निसटला आणि न्यू इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्रँचने तो पटकावला. थोड्याच वेळात स्कोअर २८-२०. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला ओव्हरटाइम आणि न्यू इंग्लंड ३४-२८!

आता सगळं खापर फ्रीमनच्या डोक्यावर फोडायचं का? मुळीच नाही. एक यार्ड हवा असताना पास कशाला, हा प्रश्न कोचिंग स्टाफसाठी आहे. त्यानंतरही अटलांटा फील्ड गोल सहज जमेल इतकी जवळ पोचली होती. तिथे रायन पुन्हा पाडला गेला, वर पेनल्टी लागली आणि टीम मागे ढकलली गेली. पण दार पहिल्यांदा किलकिलं झालं ते त्या हुकलेल्या ब्लॉकमुळेच.

दोन पार्ट्या, एक वाद

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऑनसाइटहून परतलेली मंडळी यावर जाम भांडतात. एका पार्टीचं म्हणणं असं, की इतका चपळ माणूस भिंतीला टेकू द्यायला वापरणं म्हणजे निव्वळ वेस्ट. ब्लिट्झवाला जिथून आला ती जागा रिकामी पडते ना? मग बॅकला तिथेच पाठवा आणि झटपट पास द्या. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे त्याच मॅचमधला जेम्स व्हाइट. न्यू इंग्लंडच्या या रनिंग बॅकने १४ पास झेलले, जो तेव्हाचा सुपर बोल विक्रम होता. विजयी टचडाउनही त्याचाच.

दुसरी पार्टी म्हणते, प्रत्येक वेळी छोटा पास पुरत नाही. लांब फेकायचं तर वेळ हवा आणि क्वार्टरबॅकच जायबंदी झाला तर सीझनच खल्लास!

मी दुसऱ्या पार्टीत. एक तर पास घ्यायला निघण्याआधीही बॅकला बऱ्याचदा ब्लिट्झ येतोय का ते बघावं लागतं. आला तर अडव, नाही आला तर पळ. म्हणजे नजर दोन्हीकडे तीच लागते. आणि दुसरं, सर्वाधिक धावलेल्या रनिंग बॅकची यादी काढा. एमिट स्मिथ १८,३५५ यार्ड, वॉल्टर पेटन १६,७२६, फ्रँक गोर बरोब्बर १६,०००. हे तिघेही ब्लॉकिंगसाठी नावाजलेले. गोर तर जेमतेम ५ फूट ९ इंच, तरी १६ सीझन टिकला. कोचला ज्याचा भरवसा वाटतो तोच तिसऱ्या डाउनला मैदानात राहतो. कॉलेजमध्ये धावण्याचे विक्रम करून आलेले कित्येक नवखे मात्र हे शिकेपर्यंत बेंचवर बसतात.

मग पैसे कशाचे?

इथेच खरी गोची आहे. सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला पाडणं, हा आकडा एनएफएल १९८२ पासून अधिकृतपणे मोजते. पण रनिंग बॅकने वाचवलेल्या सॅकचा अधिकृत रकाना नाही. खासगी विश्लेषक व्हिडिओ पाहून मार्क देतात, तेवढंच. आणि त्या सुपर बोलनंतर फ्रीमनचं काय झालं? ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला पाच वर्षांचा, ४ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर्सचा वाढीव करार मिळाला. तेव्हाचा तो सगळ्यात महागडा रनिंग बॅक! ते पैसे त्याने धावून आणि झेलून कमावले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये जे दिसतं त्यालाच इन्क्रिमेंट, हा नियम तिथेही आहे, हे बघून मला तरी हसावं की रडावं कळेना.

मॅच बघताना हे बघा

• बॉल सुटण्याआधी क्वार्टरबॅक बॅकला बोट दाखवून काही सांगतोय का? बहुतेक ब्लिट्झचाच वास आलाय.
• बॅकची मान आधी मधे वळते की कडेला?
• तो पुढे जाऊन भिडतो की उभा राहून वाट बघतो?
• टचडाउनचा रिप्ले लागला की बॉलवरची नजर काढा आणि क्वार्टरबॅकशेजारी बघा. तिथे कुणीतरी आपल्याहून दांडगा गडी अंगावर घेतलेला असतो. कॉमेंटेटर त्याचं नाव बहुधा घेणार नाही. तुम्ही घ्या!