मान्सून म्हणजे पाऊस नव्हे, मग 'मान्सून आला' हे ठरतं कसं?

मेच्या शेवटी दोन दिवस धो-धो पाऊस झाला, की 'मान्सून आला'चे मेसेज फिरू लागतात. हवामान विभाग मात्र सांगतो, हा पूर्वमोसमी पाऊस आहे. छत्री उघडून उभ्या असलेल्या माणसाला हे पटत नाही. पण मान्सून हे मुळात पावसाचं नाव नाहीच. ते वाऱ्याचं नाव आहे.

शब्द आला कुठून?

अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, ऋतू. अरबी समुद्रात उन्हाळ्यात वारे नैऋत्येकडून वाहतात, हिवाळ्यात दिशा बदलून ईशान्येकडून. अरब खलाशी पहिल्या वाऱ्यावर भारताकडे यायचे, दुसऱ्यावर परतायचे. त्यामुळे 'मौसिम' हा शब्द जहाज हाकारण्याच्या हंगामाशी आणि त्या वाऱ्यांशी जोडला गेला. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि युरोपातून तो इंग्रजीत 'मान्सून' झाला.

तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडेही आला. हिंदीत 'मौसम' म्हणजे थेट हवामान. हवामान विभागाच्या हिंदी नावातही 'मौसम विज्ञान' आहे. मराठीत मात्र 'मोसम' हंगामापुरताच राहिला: आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. त्या अर्थाने पाठ्यपुस्तकातला 'मोसमी वारे' हा शब्द 'मान्सून'पेक्षा कितीतरी सरळ आहे. तमिळनाडूचा बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. तोही मान्सूनच.

मग घोषणा कशी होते?

१० मेनंतर केरळ आणि आसपासच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो. एवढ्यावर भागत नाही. पश्चिमेकडून येणारे वारे सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचलेत का, त्यांना पुरेसा वेग आहे का आणि ढगांचं आवरण किती दाट आहे, हेही पाहिलं जातं. वळीव इथेच नापास होतो. तो दुपारनंतर गडगडाट करत येतो, तासाभरात उघडतो. मागे समुद्रावरून सतत बाष्प आणणारा वारा नसतो.

शेतकऱ्याला फरक काय पडतो?

वळवाच्या भरवशावर पेरणी केली आणि पुढे पाऊस लांबला, तर बियाणं-खताचा खर्च पाण्यात जातो, दुबार पेरणी गळ्यात पडते. मान्सून खरोखर आला तरी तो थांबू शकतो. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतली नेहमीची तारीख ११ जून. नंतर मात्र वारे कमकुवत झाले आणि त्याची पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग सांगतो. घोषणेची तारीख कोणतीही असो.