गुहागर ते विजापूर : सह्याद्री ओलांडणारा मार्ग

सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर पसरलेली असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील मोठे रस्ते बहुधा तिला समांतर गेले आहेत. एक रस्ता मुंबईहून कोकणातून गोव्याकडे जातो. दुसरा पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर असा पठारावरून दक्षिणेकडे उतरतो. या दोहोंना छेदून समुद्रकिनाऱ्यापासून थेट दख्खनच्या अंतर्भागात जाणारे मार्ग थोडेच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर येथून निघून चिपळूण, पाटण, कराड, विटा आणि जत या गावांवरून विजापूरला पोहोचणारा मार्ग हा त्यांपैकी एक होय. त्याची लांबी सुमारे 300 किलोमीटर आहे. दीर्घकाळ त्याची गणना राज्यमार्गांत होत असे; अलीकडे त्याला राष्ट्रीय महामार्ग 166ई हा क्रमांक मिळाला आहे. विजापूरचे अधिकृत नावही 2014 पासून विजयपुर असे झाले आहे. तथापि मार्गाचे जुने नाव लोकांच्या तोंडी कायम आहे.

हा मार्ग नेमका याच ठिकाणी सह्याद्री का ओलांडतो, याचे उत्तर एका नदीच्या प्रवाहात सापडते. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथून ती सह्याद्रीच्या मुख्य कड्यालगत सुमारे 65 किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते. हेळवाक या गावाजवळ ती एकाएकी पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. या वळणामुळे डोंगरांच्या रांगांमधून पूर्व-पश्चिम अशी एक सलग दरी तयार झाली आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेल्या प्रवाशाला माथ्यावर पोहोचताच ही दरी मिळते आणि पुढे कराडपर्यंत दुसरा मोठा चढ लागत नाही. रस्ता माणसांनी बांधला. परंतु त्याची आखणी नदीने आधीच करून ठेवली होती, असे म्हणता येईल.

या सोयीचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. कराड हे प्राचीन नगर होय. मध्य भारतातील भारहूत येथील स्तूपाच्या दानलेखांत त्याचा करहकट असा उल्लेख येतो, आणि गावाजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. मध्ययुगात वाशिष्ठी नदीच्या मुखावरील दाभोळ हे बहमनी व त्यानंतर आदिलशाही राज्याचे भरभराटीचे बंदर होते. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले, यावरूनही त्याचे महत्त्व कळून येते. गलबते भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येत. तेथून पुढे माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. विजापूर ही राजधानी आणि तिचे समुद्रद्वार यांना जोडणाऱ्या वाटांत कुंभार्लीची वाट होती. घाटाच्या परिसरातील जंगली जयगड आणि पाटणजवळचा दातेगड हे किल्ले तिच्या रक्षणाच्या दृष्टीने मोक्याच्या जागी उभे आहेत.

पुढे दाभोळचे बंदर मागे पडले आणि बैलांच्या तांड्यांची जागा प्रथम गाड्यांनी व नंतर मोटारींनी घेतली. पठारावर कराडजवळून पुणे-मिरज लोहमार्ग गेला. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण होऊन चिपळूणही लोहमार्गावर आले. परंतु बोरघाट आणि गोव्याकडील ब्रागांझा घाट यांच्या दरम्यान सह्याद्री ओलांडणारा लोहमार्ग नाही. म्हणूनच कोकण आणि दख्खन यांच्यामधील वाहतुकीचा भार अशा घाटरस्त्यांवरच राहिला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास या मार्गाला एक नवे महत्त्व आले. हेळवाकच्या वळणाच्या अलीकडेच 1956 ते 1964 या काळात कोयना धरण बांधण्यात आले. येथे कोयनेचे पात्र उंचावर असून कड्यापलीकडचे कोकण थोड्याच अंतरावर पुष्कळ खाली आहे. तेव्हा धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडले, तर विपुल वीज मिळेल, ही या योजनेमागील कल्पना होती. घाटाच्या पायथ्याशी पोफळी येथे डोंगराच्या पोटात वीजगृह उभारण्यात आले व 1962 पासून वीज मिळू लागली. पुढील टप्प्यांनंतर प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट झाली. रस्त्याच्या कडेला कोयनानगर ही वसाहत उभी राहिली. याच धरणाच्या जलाशयासाठी खोऱ्यातील अनेक गावांना मात्र आपली घरे आणि शेती सोडून दूरच्या जिल्ह्यांत जावे लागले. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगरची बहुतेक घरे पडली व सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली.

वीजनिर्मितीनंतर हे पाणी कोयनेत परत येत नाही. ते वाशिष्ठीला मिळून समुद्राकडे जाते. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी अशा रीतीने पश्चिमेस वळविले गेले आहे, आणि त्याचा अर्थ मार्गाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर पूर्णपणे ध्यानात येतो. कोयनानगर येथे वर्षाला सुमारे 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो. कराड ओलांडून विट्याच्या बाजूला गेले, की तो झपाट्याने कमी होतो. जत तालुक्यात तो 500 मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि तोही बेभरवशाचा. भाताची खाचरे मागे पडून ज्वारी-बाजरीची शेते दिसू लागतात. विटा-आटपाडी भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी भारतभर पसरली आहेत. दुष्काळाने त्यांना गावाबाहेर काढले आणि या कसबाने त्यांना तारले.

कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपाचा निर्णय देताना बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे नेण्याच्या पाण्याला वार्षिक 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांसाठी कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून चढविणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या योजना हाती घेण्यात आल्या. म्हणजे एका बाजूला पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची आणि दुसऱ्या बाजूला वीज खर्च करून पाणी वर चढवावयाचे, असे हे चित्र आहे. जत तालुक्यातील काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. 2022 मध्ये हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. त्याच मार्गावरील चिपळूण शहर जुलै 2021 मध्ये पुरात बुडाले होते, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर व मीरगाव येथे दरडी कोसळून माणसे दगावली होती.

अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्ही आपत्ती अशा प्रकारे एकाच रस्त्यावर नांदत आहेत. पूर्वी या मार्गाने बंदरातील माल राजधानीकडे जात असे. आज कोकण व दख्खन यांच्यामध्ये प्रवास करणाऱ्या एस.टी.तील उतारूला एका दिवसात हे दोन्ही प्रदेश पाहावयास मिळतात. मार्गाच्या दोन टोकांमध्ये पाण्याची न्याय्य वाटणी कशी करावी, हा प्रश्न मात्र अजून सुटावयाचा आहे.