धुराचा पुरावा

इराकमधल्या बलद इथल्या अमेरिकी हवाई तळावर सुमारे 10 एकरांचा कचऱ्याचा खड्डा वर्षानुवर्षे धुमसत होता. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा असे काहीही त्यात टाकायचे आणि विमानाचे इंधन ओतून पेटवायचे, अशी रीत होती. धूर थेट जवानांच्या राहुट्यांवर येई. त्यातच जून 2003 मध्ये मोसुलजवळच्या मिशराक इथे गंधकाला आग लागली आणि ती काही आठवडे जळत राहिली.

मायदेशी परतल्यावर केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलच्या अनेक जवानांना लष्कराची 2 मैलांची धाव झेपेना. धाप लागे, पण एक्स-रेत काही दिसत नसे. व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉ. रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी यंत्रापेक्षा रुग्णाच्या सांगण्यावर भरवसा ठेवला आणि थेट फुफ्फुसाची बायोप्सी केली. 2011 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या 80 जवानांपैकी 49 जणांची बायोप्सी झाली होती. त्यातल्या 38 जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका व्रणांमुळे आतून आवळल्या गेल्या होत्या. हा आजार सहसा मागे फिरत नाही. या सर्व 38 जणांचा एक्स-रे मात्र नॉर्मल होता!

2014 मध्ये धुराशी संबंध आलेल्या सैनिकांची नोंदवही सुरू झाली. तरीही 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीला खोकला, धाप, छातीतली घरघर या लक्षणांपलीकडे कोणत्याही श्वसनविकाराचा धुराशी संबंध मांडता आला नाही. कुणाच्या श्वासात किती धूर गेला, हे त्या वेळी नीट मोजलेच नव्हते. त्याच वर्षी अशाच धुरात सेवा केलेले ओहायोचे सैनिक हीथ रॉबिन्सन फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या नावाचा कायदा 10 ऑगस्ट 2022 रोजी झाला. दमा, सीओपीडी, फुफ्फुसाचा कर्करोग अशा वीसहून अधिक आजारांसाठी, ठरावीक ठिकाणी सेवा केली असेल, तर आजार सेवेमुळेच झाला असे आता मानले जाते. पुराव्याचे ओझे आजारी माणसाच्या खांद्यावरून उतरले.

हा न्याय झाला, पण फार उशिरा. धडधाकट तरुणाची फुफ्फुसे थोडी खालावली तरी आकडा 'नॉर्मल'मध्येच बसतो. म्हणून मोहिमेवर जाण्यापूर्वीच प्रत्येक जवानाची श्वसनचाचणी करून ठेवावी आणि तळावरची हवा रोज मोजावी. हे दोन आकडे हाताशी असते, तर या माणसांना आपली धाप खरी आहे हे पटवून देण्यात इतकी वर्षे घालवावी लागली नसती.