नोंदवहीच्या पुढचं शिक्षण

आरोग्य खात्यातल्या नोकऱ्यांवरचा कार्यक्रम झाल्यापासून आपल्या केंद्रावर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय. कुणी नर्सिंग केलंय, कुणी बी.एस्सी. होऊन आरोग्य केंद्रात डेटा भरते, कुणी बी.ए.एम.एस. आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'हेल्थ इन्फर्मॅटिक्स' नावाची मास्टर्स डिग्री असते म्हणे, ती कॉम्प्युटरवाल्यांची की दवाखान्यातल्यांची? ती दोघांचीही आहे, आणि आमच्या मते त्यात दवाखान्यातल्या बाईची बाजू जास्त भक्कम आहे. का, ते आधी सांगतो. फी आणि प्रवेशाचं नंतर.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात झालेली असते. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊ निघालं. गरोदरपणी ते अकराच्या खाली असलं की पंडुरोग धरतात. गोळ्या सुरू झाल्या. सातव्या महिन्यात पोर माहेरी आली. इथल्या सिस्टरच्या वहीत ती नवीनच. तिनं नाव सांगितलं ते माहेरचं, कारण गावात सगळे त्याच नावानं ओळखतात. झालं, एका बाईच्या दोन बाया झाल्या. सासरच्या यादीत ती 'पाठपुरावा नाही' म्हणून लाल पडते आणि माहेरच्या सिस्टरला तिच्या नऊ हिमोग्लोबिनचा पत्ताच नसतो. कळा सुरू झाल्यावर रक्त चढवायची वेळ आली, तर तो आकडा आधी माहीत असणं फार मोलाचं. बीडहून कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचंही असंच होतं, फक्त अंतर जास्त.

आता ही चूक सिस्टरची का? नाही. फॉर्म ज्यानं बनवला त्याला माहेर ही गोष्ट सुचलीच नाही. हेल्थ इन्फर्मॅटिक्स म्हणजे आरोग्य माहितीशास्त्र शिकवतं ते हेच: रुग्णाची माहिती कशी घ्यायची, कशी साठवायची, एका दवाखान्यातून दुसऱ्यात अर्थ न बदलता कशी पोहोचवायची आणि नको त्याच्या हाती कशी पडू द्यायची नाही. सरकारचे प्रयत्न आहेत. 2009 पासून माता-बालकांची नावानिशी ऑनलाइन नोंद सुरू झाली, नंतर आर.सी.एच. पोर्टल आलं, 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं आणि 14 आकडी 'आभा' क्रमांक बऱ्याच जणींनी काढलाही. पण क्रमांक काढला म्हणजे माहिती जोडली गेली असं नाही. ती जोडणारी माणसं लागतात.

अभ्यासात काय असतं? तीन गोष्टी मुख्य.

पहिली, भाषा. एक डॉक्टर 'शुगर' लिहितो, दुसरा 'डी.एम.', तिसरा 'मधुमेह'. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. म्हणून जगभर ठरलेले संकेतांक असतात. स्नोमेड सी.टी. या संग्रहात मधुमेहाला 73211009 हा क्रमांक आहे, मग कागदावर कुठल्याही भाषेत लिहा. आजारांच्या वर्गीकरणाची आय.सी.डी. ही वेगळी यादी आहे, विम्याचे दावे आणि मृत्यूची कारणं त्यावर चालतात. तपासण्यांसाठी लॉइंक. भारतात या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, म्हणजे हे काही अमेरिकेतच चालतं असं नाही.

दुसरी, आकडे. डेटाबेस, त्यातून माहिती काढायची एस.क्यू.एल. ही भाषा, आणि संख्याशास्त्र. इथं पुष्कळ जणी घाबरतात. महिन्याचा अहवाल जुळवताना तुम्ही जे करता, त्याचंच हे मोठं रूप आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत. पण सैनिक जखमांनी कमी आणि दवाखान्यातल्या घाणीनं जास्त मरतात, हे तिनं तक्ते काढून दाखवलं, आणि 1858 साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. नर्सबाईच होती.

तिसरी गोष्ट गुप्तता, आणि ती आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. गर्भपात, एच.आय.व्ही., मानसिक आजार यांची नोंद कुणाला दिसावी? गावात एक पडदा चुकून उघडा राहिला तर मुलीचं लग्न मोडतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यासाठी अभ्यासावा लागतो.

आता व्यवहाराचं. कोर्स साधारण दोन वर्षांचा. कुठं एम.एस्सी. म्हणून, कुठं आरोग्य व्यवस्थापनाच्या एम.बी.ए.त एक शाखा म्हणून, कुठं पी.जी.डी.एम. म्हणून. शब्द नीट वाचा. पदवी फक्त विद्यापीठ किंवा तसा अधिकार असलेली संस्था देते, पी.जी.डी.एम. हा डिप्लोमा असतो. तो वाईट नाही, पण पुढं पीएच.डी. किंवा सरकारी जागा डोक्यात असेल तर आधी चौकशी करा.

घरबसल्या ऑनलाइन करू म्हणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि इन्फर्मॅटिक्स हा व्यवसाय आहे. मेडिकल रेकॉर्डवाली बाई आणि क्लिनिकल कोडर यांचीही नावं त्यात आली, हे चांगलं झालं. पण 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यू.जी.सी.नं या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन चालवायला मनाई केली आहे. तेव्हा मोबाइलवर 'सहा महिन्यांत मास्टर्स' अशी जाहिरात आली की पैसे भरू नका, यू.जी.सी.च्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव तपासा.

फीचं दुखणं खरं आहे. राज्य सरकारनं 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि खाजगी व अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. हा विषय नेमका अशा ठिकाणीच जास्त शिकवला जातो. कॉलेजच्या दलालानं 'मुलींना फुकट आहे' म्हटलं तर लेखी मागा.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. मोठ्या रुग्णालयात, विमा कंपन्यांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत जागा आहेत, त्या बहुतेक पुण्या-मुंबईत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या जागा कंत्राटी असतात. लहान मूल घरी असेल तर हा हिशोब सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर मोकळेपणानं मांडायला हवा.

पैसे भरण्याआधी एक करून बघा. बाह्मनी नावाची रुग्णालयाची संगणक प्रणाली आहे. छत्तीसगडच्या गनियारीतल्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी ती पहिल्यांदा तयार झाली, आणि ती कुणालाही मोफत वापरता येते. संगणक येणारी भाची-पुतणी असेल तर तिला घेऊन बसा, एक खोटा रुग्ण भरा आणि कुठं अडखळता ते लिहून काढा. त्यात मजा आली तर प्रवेशाच्या मुलाखतीला तोच कागद न्या. आणि तिथं एक प्रश्न तुम्ही विचारा: प्रकल्पाचं काम कुठल्या दवाखान्यात करायला मिळेल? दवाखान्याचं नाव सांगता आलं नाही, तर दुसरं कॉलेज बघा.